आधी उत्तर, मग मंगळीकाकीचा प्रश्न

डहाणू

डहाणूला लोक चिकू खायला आणि समुद्र बघायला जातात. मी अमेरिकेवर बोलायला गेले होते. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला हे सांगितलं तर त्याने गाळणी हातातच धरून माझ्याकडे पाहिलं.

"अमेरिकावर? हियां?" तो म्हणाला. "बेन, बोर्डीला जा. बीच बघ, घोड्यावर बस."

त्याचं चुकलं नाही, म्हणून आधी खुलासा करते. मी सोलापूरची. आमची एक लहान संघटना आहे. आम्ही पत्रकं काढतो, पुस्तिका काढतो आणि कोणी बोलावलं की जाऊन बोलतो. गेलं वर्षभर मी एका पुस्तिकेवर काम करत होते. विषय असा: गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोचला आणि तिथला नेता साबणाच्या वडीसारखा कसा विकला जायला लागला. तलासरीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या शिबिरात यावर बोलायला बोलावलं. भाषणाचं नाव मी ठेवलं होतं 'साबण आणि साहेब'. नावावर मी फार खूश होते.

ती अमेरिकेतली गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

महायुद्ध संपलं होतं. अमेरिकेत पैसा खेळत होता. फ्रिज आले, मागे पंख फुटलेल्या लांबलचक मोटारी आल्या आणि बैठकीच्या खोलीत टीव्ही आला. दुकानातून आणलेलं तयार जेवण पत्र्याच्या खणांच्या ताटलीत, तसंच मांडीवर घेऊन अख्खं कुटुंब त्याच्यासमोर बसायला लागलं. तिथे देवघर नसतं, पण सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून बसायची जागा तयार झाली. अशात निवडणूक आली. एका पक्षाने युद्ध जिंकलेला सेनापती उभा केला आणि त्याला खपवायचं काम गोळ्या-चॉकलेटांच्या जाहिराती करणाऱ्या माणसाला दिलं.

त्या माणसाने सेनापतीला स्टुडिओत बसवलं आणि एकेक उत्तर वाचून घेतलं. फक्त उत्तरं. महागाईवर एक, करांवर एक, लढाईवर एक. प्रश्न विचारणारं तिथे कोणी नव्हतं. मग पुढे कधीतरी साधी दिसणारी माणसं गोळा केली, त्यांना मान जरा वर करून बघायला लावलं, म्हणजे समोर कोणी उंच माणूस उभा आहे असं वाटावं. आणि तयार उत्तरांना शोभतील असे प्रश्न त्यांच्याकडून वदवून घेतले. दोन तुकडे जोडले. पडद्यावर दिसलं ते असं: एक साधी बाई काळजीने विचारते आहे आणि सेनापती तिच्याकडे बघून धीर देतो आहे. त्या दोघांची गाठ पडलेलीच नव्हती.

समोरचा उमेदवार म्हणाला की देशाचा नेता नाश्त्याच्या लाह्यांसारखा विकायचा नसतो. तो हरला.

मला याचा राग येतो. त्याच वर्षांत त्या देशाच्या अर्ध्या भागात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या शेजारी बसून कॉफी पिता येत नव्हती. मी बघितलेल्या एकाही तुकड्यात कोणी त्याबद्दल विचारत नाही. विचारणार कसं? त्याचं उत्तर वाचून ठेवलेलंच नव्हतं.

एवढा सगळा राग पिशवीत भरून मी डहाणूला उतरले होते. चहा मात्र उत्तम होता, पुदिना आणि गवती चहा घातलेला. आमच्याकडे असा चहा आजाऱ्याला देतात.

मसोली

मला न्यायला रावजीदादा आले होते. शिबिर त्यांनीच भरवलेलं. स्वतःची रिक्षा चालवतात आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा चळवळ चालवतात, असं ते स्वतःच सांगतात. तलासरीला निघण्याआधी त्यांना मसोलीला बहिणीकडे निरोप द्यायचा होता. बहीण फुग्यांच्या कारखान्यात कामाला.

डहाणूत फुगे बनतात हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल. आपल्या पोरांच्या वाढदिवसाला भिंतीवर चिकटवतो ते फुगे कुठेतरी कोणीतरी बनवतं, असा विचार आपण करत नाही. आत रबराचा वास नाकात बसला. बायका खाली बसून फुगे निवडत होत्या आणि एकजण नमुन्याचे फुगवून बघत होती. तिच्या हातातल्या लाल फुग्यावर लिंबाएवढा एक चेहरा होता. हवा आत गेली तसा तो पेरूएवढा झाला, मग भोपळ्याएवढा. मिशी, टिळा, हसू.

"हे कोण?" मी विचारलं.

"हे भाऊ," रावजीदादांची बहीण म्हणाली. "ओळख नाय? उधव्याचे कार्यक्रमाला जायचेत. जास्ती फुगवू नका सांगून गेले."

"का?"

"जास्ती फुगवला तर कान मोठे होतात."

सगळ्या हसल्या. त्या बाईने मुद्दाम आणखी एक फुंकर घातली आणि भाऊंचे कान खरोखरच पसरले.

भाऊ म्हणजे या भागातून निवडून गेलेले गृहस्थ. पक्ष आणि पद लिहीत नाही. तुमच्या तालुक्यात एक असेलच, त्याचं घाला. मी त्या बायकांना सांगितलं की अमेरिकेतही पक्षांची मोठी अधिवेशनं भरतात, उमेदवार ठरला की छताला बांधलेल्या जाळ्यांतून फुगेच फुगे सोडतात, आणि टीव्हीवर ते फार छान दिसतं.

"तिकडंपन?" फुगा हातात धरलेली बाई म्हणाली. "मग धंदा बंद नाय पडायचा."

तलासरी

दुसऱ्या दिवशी शिबिर. जागा म्हणजे रस्त्याकडेचा एक हॉल, भिंतीला पांढरी चादर लावलेली. भात कापून झालेला होता, म्हणून माणसं बरीच आली होती. आमच्याकडे शिबिराला बायका भिंतीच्या कडेने बसतात आणि पुरुष मध्ये. इथे बायका सरळ पुढे येऊन पाय पसरून बसल्या.

मी चित्रफीत लावली आणि आवाज गेला. वायर हलवून झाली, लॅपटॉप बंद-चालू करून झाला. शेवटी रावजीदादा म्हणाले, "ताई, तुम्हीच बोला ना दोघांचं."

मग मी चादरीशेजारी उभी राहून दोन्ही आवाज काढले. सेनापती ओठ हलवायचा, मी जाड आवाजात महागाईचं बोलायचे. बाई ओठ हलवायची, मी बारीक आवाजात रडगाणं गायचे. लोक इतके हसले की 'साबण आणि साहेब'मधला माझा पहिला अर्धा राग त्यातच वाहून गेला. तरी मी नेटाने समजावलं: आधी उत्तर, मग प्रश्न, मग जोडणी.

हसणं थांबलं ते एका बाईमुळे. पन्नाशीची, किरकोळ अंगाची, हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत. ती उठून उभी राहिली.

"त्या बाईचं पुढं काय झालं?"

"कुठल्या?"

"हीच. विचारणारी." तिने चादरीकडे हात केला. "ती परत आपल्या गावाला गेली असंल ना. मग गावात तिला काय बोलले?"

मी वर्षभर वाचत होते. सेनापतीचं वाचलं, जाहिरातवाल्याचं वाचलं, त्या वर्षी किती घरांत टीव्ही होते तेही वाचलं. त्या बाईला गावात काय बोलले हे कुठेच नव्हतं, आणि हे नाही असं मला तोवर जाणवलंही नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

मागून दुसऱ्या एका बाईचा आवाज आला. "तुला बोलतात तेच बोलले असतील."

काही जण हसले, काहींनी खाली बघितलं. उभी असलेली बाई वळली नाही. ती खाली बसली आणि लुगड्याचा काठ पायाखाली ओढून घेतला.

दुपारी जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि तव्यावर भाजलेले सुके बोंबील होते. बोंबलाशी माझी ओळख नव्हती; काटे काढत बसले तशी तीच बाई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "सगळा खायचा. काटा नाय लागत त्याला." तिचं नाव मंगळी. सगळे तिला मंगळीकाकी म्हणतात. माझ्याशी ती बाजारातली मराठी बोलत होती, मध्येच वळून सुनेशी घरची बोली बोलत होती, आणि मीठ वाढायला आलेल्या वाढप्याला तिने गुजरातीत हाकललं.

"मागनं बोलली ती कोण?" मी विचारलं.

"जमनी. माझी जाऊ." भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "चांगली हाय ती. तिचं खोटं नाय."

मग तिने आपलं सांगितलं.

निवडणुकीआधी तिच्या पाड्यावर कॅमेरावाले आले होते. म्हणाले, भाऊंना काय विचारायचं ते विचारा, आम्ही पोचवतो. पाड्याने तिला पुढे केलं, कारण पाड्याचं बोलणं बाहेर तीच बोलते. तिने कॅमेऱ्यात बघून पाण्याच्या वाटेचा प्रश्न विचारला. काही दिवसांनी तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. त्यात काकी होती, तिचे ओठ हलत होते, पण आवाजाच्या जागी गाणं होतं आणि खाली अक्षरं होती: 'भाऊ, आमचा विकास कधी?' मग भाऊ दिसले, हात जोडून 'ताई, काळजी कशाला, तुमचा भाऊ आहे ना' म्हणाले आणि पुढे रस्त्याचं, सुबत्तेचं बोलले. मग पुन्हा काकी दिसली. हसताना.

"हसलीस का पण?" मी विचारलं.

"कोंबडी," ती म्हणाली. "त्यांची पेटी उघडी होती ना कॅमेराची, तिच्यात कोंबडी जाऊन बसली. तवा हसले मी."

मी त्या हॉलमध्ये लांबच्या देशातली जुनी गंमत म्हणून जे सांगत होते, ते पुढच्या ओळीत बसलेल्या बाईचं झालं होतं. सत्तर वर्षांपूर्वीचा माल, अगदी तसाच, फक्त फोनमध्ये मावेल एवढा केलेला. अमेरिकेने जगाला काय काय दिलं याच्या याद्या लोक करतात, त्यात हे कोणी धरत नाही.

वेवजी

दुसऱ्या सकाळी रावजीदादांनी मला काकीच्या पाड्यावर नेलं. वेवजीच्या पुढे, गुजरातला अगदी लागून. फोन मध्येच गुजरातेत गेल्याचं सांगतो, मध्येच परत महाराष्ट्रात घेतो. वाटेत पलीकडच्या कारखान्यांना जाणारे टेम्पो भेटले, मागे माणसं उभी, डबे दांडीला अडकवलेले. शेतात भाताचे बुडखे उरले होते. ताडाला ताडी धरायची मडकी लागली होती. रावजीदादा म्हणाले, "सोलापूरला हे नाय ना?" मी म्हणाले, "आमच्याकडे ज्वारी असते आणि तिला कोणी मडकं बांधत नाही." यावर ते गावापर्यंत हसत होते.

हसू संपलं ते भराव बघून.

पाड्याच्या आणि विहिरीच्या मधून नवा मोठा रस्ता गेला आहे. दुमजली घराएवढा मातीचा भराव, वर कुंपण. घरं या बाजूला, विहीर आणि अर्धी शेतं त्या बाजूला. माणसांना जायला बोगदा देऊ असं सांगितलं होतं म्हणे. दिला तो पावसाचं पाणी जायला ठेवलेला सिमेंटचा चौकोन, माझ्या छातीएवढा उंच. इथे त्याला मोरी म्हणतात. बायका रोज त्या मोरीतून जातात. जाताना काही नाही, कंबरेतून वाकलं की झालं. येताना भरलेला हंडा.

काकीचा प्रश्न एवढाच होता: मोरीतून वाकून जावं लागतं, मग हंडा डोक्यावर कसा न्यायचा?

यात विकास कुठे आहे? यात भाऊ कुठे आहेत? हा एक हंडा, एक डोकं आणि एक बुटकी मोरी यांचा प्रश्न आहे. मी स्वतः आत शिरले, मध्येच विसरून मान वर केली आणि टाळूवर सिमेंट असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. काकी मागून म्हणाली, "हां. तसंच होतं." तिने हंडा कसा आणतात ते दाखवलं. दोन्ही हातांनी पोटाशी धरायचा, गुडघे वाकवायचे आणि खेकड्यासारखं चालायचं. बाहेर येईतो लुगडं भिजलेलं आणि हंडा उणा. दोघी असल्या तर बरं पडतं, एक आतून सरकवते, दुसरी बाहेरून घेते.

"मग दोघी का नाही जात?"

"जमनी यायची," काकी म्हणाली. "आता नाय येत."

पाड्याची एक रीत आहे. कोणाला आपल्या वतीने बाहेर बोलायला धाडलं, मग ते कचेरीत असो की सोयरिकीत, तर परत आल्यावर त्याने चिंचेखाली सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं: मी हे विचारलं, समोरून हे उत्तर आलं. तेवढं सांगितलं की त्याचं काम पुरं होतं. आमच्याकडे शिष्टमंडळ जातं, परत येतं, पुढारी पेपरात फोटो देतो आणि तिथे काय बोलणं झालं ते कधी कोणाला कळत नाही. मला ही रीत फार आवडली. पण तिच्यात एक धार आहे आणि काकी नेमकी तिच्यावर कापली गेली. कॅमेरावाले गेले त्या संध्याकाळी ती चिंचेखाली उभी राहून म्हणाली होती: मी मोरीचं विचारलं, उत्तर यायचं हाय. मग व्हिडिओ आला. त्यात मोरी नव्हती. उत्तर होतं, वर काकी खूश होती.

म्हणजे पाड्याच्या हिशेबाने ती चिंचेखाली खोटं बोलली.

तेव्हापासून तिला 'भावाची बहीण' म्हणतात. पोरं तिला बघून हात जोडून भाऊंचं ते बोलणं म्हणतात. बाहेर कुठे बोलायचं असलं तर पाडा आता कोणालाच पाठवत नाही, कारण काकीवर विश्वास नाही आणि दुसऱ्या कोणाला बोलायची सवय नाही. भरावाचं काम बघायला साहेब येऊन गेले, कोणी तोंड उघडलं नाही.

मी जमनीला भेटले. ती दाणे पाखडायचं सूप घेऊन ओट्यावर बसली होती. म्हणाली, "मला हंड्याचं दुःख नाय. मी एकलीने आणते. पन ती म्हणली मी मोरीचं विचारलं. सुनेने फोन दाखवला, त्यात मी डोळ्यांनी बघितलं ती हसते. आता मी डोळ्यांचं ऐकू का तिचं ऐकू?"

मी तिला जोडणी समजावली, अमेरिका समजावली, सेनापती समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू तिथं होतीस?" ती म्हणाली.

"नाही."

"मग."

मला असं काही झालं की एकच गोष्ट येते. मी काकीच्या अंगणात बसले आणि निवेदन लिहिलं. जनतेची फसवणूक, लोकशाहीची विटंबना, प्रसारमाध्यमांचा गैरवापर, सगळं आलं. खाली पाच मागण्या. मोठ्याने वाचून दाखवलं. काकीने शेवटपर्यंत मान डोलावली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन हे मी नव्हतं विचारलं."

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. सेनापतीला गोळ्या-चॉकलेटवाला भेटला होता. काकीला मी भेटत होते.

"मग काय करायचं म्हणता?" रावजीदादांनी विचारलं.

काकी म्हणाली, "उद्या भाऊ उधव्याला येल. पाडा सगळा जाल, जेवन हाय. मी तितंच विचारते. सगळ्यांचे कानावर."

उधवा

कार्यक्रम कशाचा होता ते वाचून तुमचाही संताप होवो अशी इच्छा आहे. सेल्फी पॉइंटचं उद्घाटन. सिमेंटची एक कमान, तिच्यावर तारपा वाजवणारा माणूस आणि हात धरून नाचणारी माणसं काढलेली, मध्ये हृदयाच्या आकाराचं भोक. त्या भोकात तोंड घालून फोटो काढायचा. पाड्यावर माणूस जाईल एवढं भोक ठेवायला सिमेंट पुरलं नाही, इथे तोंड घालायला पुरलं.

मांडव मोठा होता. लाल फुगे सगळीकडे, आणि लावणाऱ्यांनी ते हौसेने टम्म फुगवले होते. भाऊ सगळीकडून कान पसरून हसत होते.

मांडवाच्या कडेला एक तरुण कॅमेऱ्याचं तिकाटणं लावत होता. अनुराग नाव, मुंबईचा, भाऊंचं सगळं चित्रीकरण हाच बघतो. मी सरळ जाऊन विचारलं, पाड्यावर काढलेलं मूळ चित्रण कुठे आहे.

"रॉ फुटेज? ते आम्ही ठेवत नाही ताई. स्पेसचा प्रॉब्लेम असतो." मग माझ्या हातातली पुस्तिकेची कच्ची प्रत त्याने पाहिली. सेनापतीचं चित्र बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे तर आमच्या कोर्सचं पहिलं लेक्चर. आधी आन्सर, मग क्वेश्चन. काय डोकं असेल ना त्या माणसाचं."

"तुम्ही तिच्या तोंडचा प्रश्न काढून टाकलात."

"क्वेश्चन कोण बघतं? लोक फेस बघतात. तिचा फेस किती जेन्युइन आहे. ती हसते ना, तो शॉट सगळ्यात जास्त चालला." त्याला खरंच वाटत होतं की तो काकीचं कौतुक करतो आहे. मला एखादा बदमाश भेटला असता तर बरं झालं असतं. हा आपल्या कामावर प्रेम करणारा मुलगा होता, आणि मला वाटतं तो अमेरिकेतला जाहिरातवालाही असाच असणार.

भाऊ आले. ढोल, हार, कमान, भोकात तोंड घालून पहिला फोटो. मग 'भाऊंशी थेट संवाद'. एकसारख्या साड्या दिलेल्या बायका पुढे बसवल्या होत्या, निवेदिका त्यांच्यासमोर माइक धरत होती, त्या प्रश्न म्हणत होत्या आणि भाऊ प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू करत होते.

मंगळीकाकी मागे पाड्याच्या माणसांत बसली होती. ती उठली तेव्हा तिच्या डोक्यावर हंडा होता. घरून आणला होता, रिकामा. मला तिने सांगितलं नव्हतं. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. हंड्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या.

भाऊंनी तिला ओळखलं. एवढा चाललेला चेहरा, कसा नाही ओळखणार. "अरे वा," ते माइकवर म्हणाले, "ह्या तर आपल्या व्हिडिओतल्या ताई. या, या, पुढे या. माइक द्या त्यांना." अनुरागने कॅमेरा फिरवला.

ती पुढे आली. माइक तोंडाशी कसा धरायचा ते तिला माहीत नव्हतं, तो तिने हंड्यासारखा दोन्ही हातांनी धरला. हंडा डोक्यावर नुसत्या मानेवर तोलला होता.

"पाड्यावर भराव हाय," ती म्हणाली. "मोरीतनं वाकून जायला लागतं. हंडा डोक्यावर कसा न्यायचा?"

भाऊंनी हात जोडले. माणूस सवयीचा गुलाम असतो.

"ताई, काळजी कशाला," त्यांनी सुरुवात केली, "तुमचा भाऊ आहे ना."

"आज रस्ता आला," मांडवाच्या एका कोपऱ्यातून पोरं ओरडली. सवयीनेच. वर्षभर काकीला चिडवताना म्हणत होती ते.

भाऊ हसले. त्यांना ते प्रेम वाटलं. "आज रस्ता आला," ते म्हणाले.

"उद्या सुबत्ता येल," आता मोठी माणसंही. निवडणुकीत रिक्षावरच्या भोंग्यातून हेच वाजलं होतं, फोनवर हेच. "परवा तुमचा पोरगा साहेब होऊन गाडीतनं घरी येल."

सगळ्या मांडवाने त्यांचं उत्तर त्यांच्या आधी म्हणून संपवलं. भाऊ हात जोडून उभे. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण पुढे बोलायला काही उरलं नव्हतं, कारण पुढे कधी काही लिहिलेलंच नव्हतं.

कोणी हललं नाही. काकीच्या डोक्यावरचा हंडासुद्धा.

"हां," ती म्हणाली. "हे आमाला पाठ हाय. आता माझं सांग. हंडा कसा न्यायचा?"

भाऊंनी निवेदिकेकडे पाहिलं, निवेदिकेने अनुरागकडे, अनुरागने कॅमेरा खाली केला. मग भाऊ म्हणाले, बघू, संबंधितांशी बोलतो. मग गाणं लावलं. मग माइक काढून घेतला. मग जेवणाची घोषणा झाली, आणि मी संतापाने तशीच उभी असताना माझ्याभोवती सगळे पंक्तीला बसले.

त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, पाडा चिंचेखाली जमला. काकी उभी राहिली.

"मी मोरीचं विचारलं," ती म्हणाली. "उत्तर नाय आलं."

बायकांतून जमनी उठली. ती काकीकडे बघत नव्हती, सगळ्यांकडे बघत होती. "हेच विचारलं हिनं," ती म्हणाली. "मी होते तिथं."

एवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी माफी मागितली नाही. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या आणि बोलणं ताडीवर गेलं. मी निघताना सकाळी भरावापाशी थांबले. मोरीच्या आत काकी वाकलेली होती, बाहेर जमनी दोन हात पसरून उभी होती, आणि आतून भांडण ऐकू येत होतं की सांडतं ते कोणामुळे.

सोलापूरला परतल्यावर मी पुस्तिकेचा शेवट काढून टाकला. तिथे आमच्या मागण्या होत्या. आता तिथे एकच ओळ आहे: ती बाई गावी परत गेली तेव्हा तिला लोक काय म्हणाले? कोणाला ठाऊक असेल तर कळवा.

रावजीदादांचा परवा फोन आला होता. मोरी तेवढीच आहे, संबंधित कोण ते अजून कळलेलं नाही. भाऊंचा नवा व्हिडिओ निघाला, त्यात काकी नाही. आणि भाऊंची गाडी वेवजीला आली की पोरं हात जोडून मागे धावतात आणि एका सुरात म्हणतात, हंडा कसा न्यायचा.